कुंडीतली रब्बी

उत्तर भारताच्या मैदानात शेतीचे वर्ष खरीप आणि रब्बी अशा दोन हंगामांत विभागलेले असते, आणि गाझियाबाद शहराच्या कडेला, हिंडन नदीच्या खोऱ्यात जी शेते अजून टिकून आहेत, त्यांत आजही दिवाळीच्या आगेमागे गहू पेरला जातो, धुक्यात आणि दवात तो वाढतो आणि होळीनंतर ऊन तापू लागले की पिवळा पडून कापणीला येतो. गच्चीवरच्या आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत लावल्या जाणाऱ्या छोट्या मांसल वनस्पतींपैकी एक मोठा गट नेमका याच रब्बीच्या वेळापत्रकाने जगतो. ही रोपे आश्विनात जागी होतात, मार्गशीर्ष-पौषात वाढतात, फाल्गुनाच्या अखेरीस मंदावतात आणि वैशाखापासून भाद्रपदापर्यंत जवळजवळ निर्जीव वाटावीत अशी पडून राहतात. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त दिल्ली परिसरात आलेल्या कुटुंबांच्या मनात लागवड म्हणजे पावसाळा हे समीकरण इतके पक्के असते की मृगाची चाहूल लागताच पाणी घालणारा हात आपोआप सैल सुटतो, आणि ही रोपे बहुतेक वेळा त्याच सैल हातामुळे मरतात.

मांसल वनस्पती म्हणजे पानांच्या, खोडाच्या किंवा मुळांच्या पेशींत पाणी साठवून कोरडा काळ निभावून नेणाऱ्या वनस्पती होत. बोलीभाषेत त्यांना आता सर्रास सक्युलंट म्हटले जाते, आणि निवडुंगाचे कुळ हा त्यांतलाच एक भाग आहे. ‘कमी पाणी लागणारी वाळवंटी झाडे’ असे त्यांचे सरसकट वर्णन केले जाते, ते अपुरे आहे, कारण या वनस्पतींच्या बाबतीत पाणी किती द्यायचे यापेक्षा ते कधी द्यायचे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. महाराष्ट्राच्या डोंगरउतारांवर वाढणारी माकडशिंग पावसाळ्यात हिरवी होते आणि पाऊस सरला की आक्रसते, कंदीलपुष्पाच्या कंदाला जूनच्या सरींनी कोंब फुटतात आणि मेक्सिकोतले बहुसंख्य निवडुंगही उन्हाळी पावसावरच पोसले जातात. या सर्व वनस्पती खरिपाच्या आहेत. प्रस्तुत प्रकरणाचा विषय असलेल्या वनस्पती मात्र ज्या प्रदेशांत हिवाळ्यात पाऊस पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो अशा प्रदेशांतून आलेल्या आहेत, आणि त्यांच्या शरीररचनेत तो ऋतुक्रम कायमचा कोरला गेला आहे.

असा सर्वांत समृद्ध प्रदेश म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य भागात आणि त्याला लागून असलेल्या नामिबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पसरलेला ‘सक्युलंट कारू’ हा अर्धवाळवंटी पट्टा होय. तेथे सहा हजारांहून अधिक वनस्पतिजाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या सुमारे 40 टक्के जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. याच पट्ट्यातील नामाक्वालँड या भागाचे मुख्य गाव असलेले स्प्रिंगबोक विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे 29 अंश 40 मिनिटांवर आहे, तर गाझियाबाद उत्तरेस सुमारे 28 अंश 40 मिनिटांवर, म्हणजे दोहोंच्या अक्षांशात केवळ एका अंशाचा फरक आहे. परिणामी दोन्ही ठिकाणी दिवसाची लांबी वर्षभर जवळपास एकाच प्रमाणात कमीजास्त होते, आणि वर्षातला सर्वांत लहान दिवस दोन्हीकडे साधारण सव्वादहा-साडेदहा तासांचा असतो. फरक एवढाच की तो तेथे जूनमध्ये येतो आणि येथे डिसेंबरमध्ये. आणखी एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. नामाक्वालँडला हिवाळ्यात पाऊस देणाऱ्या थंड आघाड्या पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यातून येतात, आणि गाझियाबादला जानेवारी-फेब्रुवारीत जो हलका पाऊस पडतो, ज्याला तेथील शेतकरी ‘मावठ’ म्हणतात आणि गव्हासाठी मोलाचा मानतात, तोही भूमध्य समुद्राच्या दिशेकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे उत्तर गोलार्धातील तशाच पश्चिमी वाऱ्यांबरोबर येतो. थंडीपुरता विचार केला तर ही रोपे गाझियाबादमध्ये फारशी परकी ठरत नाहीत.

गोलार्ध बदलल्यामुळे त्यांच्या वेळापत्रकाचे काय होते, ही शंका साहजिक आहे. झाड महिने मोजत नाही. रात्रीचा गारवा, दिवसाची लांबी आणि मुळांपाशी आलेला ओलावा या खुणांवरून ते ऋतू ओळखते, त्यामुळे बियांपासून येथेच वाढवलेले रोप पहिल्यापासून येथल्या हिवाळ्याशी जुळलेले असते आणि दक्षिण गोलार्धातून मोठे होऊन आलेले रोप एक-दोन हंगाम गोंधळून मग सावरते.

या रोपांना थंडी का हवी असते, याचे उत्तर त्यांच्या श्वसनाच्या आणि अन्ननिर्मितीच्या पद्धतीत आहे, आणि त्या पद्धतीची एक अगदी आरंभीची नोंद भारतातच झाली, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात अभिमानाने सांगावी अशी आहे. मद्रास इलाख्यात काम करणारे बेंजामिन हाइन या वनस्पतिज्ञाने पानफुटीचे पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिले. सकाळी ते आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागते, असे त्याच्या ध्यानात आले, आणि 1813 साली लिहिलेल्या पत्रातून त्याने कळवलेले हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या 1815 च्या खंडात छापले गेले. त्यामागचे कारण उलगडायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला. सामान्य झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या व्यवहारात बरेच पाणी वाफेच्या रूपाने गमावतात. पानफुटी आणि तिच्यासारख्या असंख्य मांसल वनस्पती ही रंध्रे दिवसा मिटून घेतात, रात्रीच्या गारव्यात उघडतात, आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतील पाण्याच्या पिशव्यांत, म्हणजे रिक्तिकांत, साठवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद दाराआड त्या साठ्यातून तो पुन्हा मोकळा करून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करतात. सकाळचा आंबटपणा हा त्या रात्रभर साठलेल्या आम्लाचा असतो. पानफुटीच्या क्रॅस्युलेसी या कुळावरून या प्रक्रियेला ‘क्रॅस्युलेसियन आम्ल चयापचय’ असे नाव पडले.

हा सारा व्यवहार गार रात्रीवर अवलंबून आहे. रात्र उबदार राहिली तर आम्ल साठवण्याचे काम मंदावते, रंध्रे नीट उघडत नाहीत आणि उष्णतेमुळे वाढलेल्या श्वसनात झाडाची शिल्लक शर्करा खर्च होत राहते, म्हणजे जमा कमी आणि खर्च अधिक अशी स्थिती येते. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत 19 जून 2024 रोजी रात्रीचे किमान तापमान 35.2 अंश सेल्सिअस नोंदले गेले. अशा रात्री हिवाळी मांसल रोपाने वाढावे ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि त्याच्या मुळांशी घातलेले पाणी उपयोगी पडण्याऐवजी बुरशीला आमंत्रण देते. उन्हाळ्यातली सुप्तावस्था हे आजारपण नव्हे. जमाखर्च जुळत नसेल तर दुकान बंद ठेवावे, असा तो शहाणा व्यवहार आहे. दिवसाच्या 42-43 अंशांपेक्षा रात्रीचे 30 अंश अधिक घातक ठरतात, हे ध्यानात आले की गाझियाबादमध्ये सावलीची जाळी बांधूनही ही रोपे का दगावतात याचा उलगडा होतो, कारण जाळी दुपारचे ऊन अडवते, पण दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीतून रात्रभर वर येणारी धग ती अडवू शकत नाही.

या गटातील सर्वांत विलक्षण वनस्पती म्हणजे लिथॉप्स होय. इंग्रज निसर्गसंशोधक विल्यम बर्चेल याने 1811 च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतील प्रिस्काजवळ दगडगोट्यांतून एक चमत्कारिक गोटा म्हणून जी वस्तू उचलली ती वनस्पती निघाली, आणि तिच्या गोत्राला ‘दगडाच्या रूपाची’ या अर्थाचे ग्रीक नाव लंडनजवळच्या क्यू उद्यानातील एन. ई. ब्राऊन यांनी 1922 साली दिले. लिथॉप्सचे सारे शरीर म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन जाड पानांचा, मधे चीर असलेला एक ठोकळा असतो. शरदात त्या चिरेतून पांढरे किंवा पिवळे फूल येते, ते दुपारनंतर उमलते आणि संध्याकाळी मिटते. फूल सरल्यावर आतल्या आत पानांची नवी जोडी तयार होऊ लागते आणि ती आपले पाणी मुळांकडून नव्हे, तर बाहेरच्या जुन्या जोडीकडून शोषून घेते. जुनी पाने सुरकुततात, पापुद्र्यासारखी होतात आणि नवी जोडी त्यांच्यातून वर येते. या काळात, म्हणजे गाझियाबादमध्ये साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, सुरकुतलेले रोप तहानलेले आहे असे समजून पाणी घातले तर जुनी पाने पुन्हा फुगतात, एकावर एक दोन जोड्या साचतात आणि बहुधा पुढच्या उन्हाळ्यात रोप सडते. सर्वच लिथॉप्स हिवाळी पावसाच्या प्रदेशातले नाहीत. प्रिस्काच्या बाजूला पाऊस उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पडतो. म्हणून त्यांना पाणी आवडते ते हंगामाच्या दोन टोकांना, एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा जुनी पाने पूर्ण वाळल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, आणि मधल्या काळात त्यांच्यापासून दूर राहणे हीच त्यांची सेवा असते.

लिथॉप्सचे नातलग असलेले कोनोफायटम मात्र पूर्णपणे हिवाळ्याचे आहेत. वाटाण्याएवढ्या, मण्याएवढ्या किंवा उलट्या हृदयासारख्या दिसणाऱ्या या रोपांची जुनी पाने उन्हाळ्यात वाळून एका कागदी आवरणात रूपांतरित होतात आणि नवे शरीर त्या आवरणात गुंडाळलेले राहते. पहिल्या वर्षी हे दृश्य पाहणाऱ्याला रोप मेले असेच वाटते, आणि कित्येक निरोगी कोनोफायटम मे महिन्यात कचऱ्याच्या डब्यात जातात ती याच समजुतीने. हॅवर्थिया हे तिसरे महत्त्वाचे गोत्र आहे. त्याला एड्रियन हार्डी हॅवर्थ या इंग्रज वनस्पतिज्ञाचे नाव 1809 साली मिळाले, आणि नवशिक्या माणसाने याच गोत्रापासून सुरुवात करावी, कारण त्याला थेट ऊन कमी चालते आणि ते चुका सोसते. कॅनरी बेटांवरचे इओनियम थंडीत गुलाबाच्या फुलासारखे पसरते आणि उन्हाळ्यात आपली पाने आत ओढून मुठीएवढे होते. वाघाच्या जबड्यासारखी दातेरी पाने असलेले फॉकेरिया, चुनखडीच्या खड्यांसारखे टायटॅनॉप्सिस आणि बोनसायसारखे जाड खोड धरणारे टायलेकोडॉन यांचीही या यादीत नोंद करायला हवी. मेक्सिकोचे इचेवेरिया मूळचे हिवाळी नव्हे, तरी ते उंच, गार डोंगराळ मुलखातले असल्यामुळे दिल्लीच्या मैदानात त्याची वाढही ऑक्टोबर ते मार्च एवढीच मर्यादित होते, म्हणून व्यवहारापुरते त्याला रब्बीतच धरावे.

गाझियाबादमधील इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा किंवा राजनगर विस्तार अशा वसाहतींतील बहुमजली इमारतींत राहणाऱ्यांना गच्ची क्वचितच मिळते, पण दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी या रोपांसाठी गच्चीपेक्षाही चांगली असते, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त 38 अंश वर असतो, त्यामुळे त्याची तिरपी किरणे बाल्कनीच्या आतल्या भिंतीपर्यंत पोचतात. 21 जूनच्या सुमारास तोच सूर्य जवळपास 85 अंशांवर, म्हणजे डोक्यावर आलेला असतो आणि वरच्या मजल्याची बाल्कनी त्याला अडवते. थंडीत भरपूर ऊन आणि उन्हाळ्यात सावली ही या रोपांची गरज इमारतीची रचना कोणत्याही खर्चाशिवाय पुरी करते. पश्चिमेची बाल्कनी मात्र टाळावी, कारण एप्रिलपासून तेथे दुपारनंतरचे तिरपे ऊन आणि लू, म्हणजे राजस्थानकडून येणारे कोरडे तप्त वारे, थेट आत शिरतात.

प्रकाशाच्या या हिशेबात गाझियाबादला एक तोटा सोसावा लागतो, आणि तो गंभीर आहे. आयक्यूएअर या स्विस संस्थेच्या अहवालानुसार 2019 या वर्षात हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांच्या सरासरीत हे शहर जगात पहिले होते, आणि ती सरासरी घनमीटरमागे 110.2 मायक्रोग्रॅम एवढी होती. हे प्रदूषण ऑक्टोबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत सर्वाधिक असते, म्हणजे नेमक्या याच रोपांच्या वाढीच्या काळात. माणसांच्या फुफ्फुसांना होणाऱ्या हानीपुढे रोपांचे दुःख लहान आहे, तरी त्याचे शास्त्रीय स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. लिथॉप्स, फेनेस्ट्रारिया आणि मऊ पानांचे हॅवर्थिया यांच्या पानांच्या टोकाला हरितद्रव्य नसलेला पारदर्शक भाग असतो. वनस्पतिज्ञ त्याला पानाची खिडकी म्हणतात. मायदेशी ही रोपे जमिनीत जवळजवळ पुरलेली राहतात आणि फक्त ही खिडकी वर उघडी असते. तिच्यातून प्रकाश आत झिरपतो आणि पानाच्या आतल्या बाजूने अस्तरासारख्या पसरलेल्या हिरव्या पेशींपर्यंत पोचतो. या खिडकीवर काजळी आणि धूळ यांचा थर बसला की आत अंधार होतो, रोप प्रकाश शोधत लांबुळके होते आणि त्याचा घट्ट, दगडी आकार हरवतो. त्यासाठी दर आठवड्याला रंगकामाच्या मऊ, कोरड्या कुंचल्याने पाने झाडावीत, आणि महिन्यातून एकदा, स्वच्छ उन्हाच्या सकाळी, पावसाच्या साठवलेल्या पाण्याची बारीक फवारणी करावी, म्हणजे दुपारपर्यंत ती वाळून जाते. तेल किंवा पानांना चकाकी आणणारे द्रावण मुळीच वापरू नये, कारण या पानांवर निसर्गतःच असलेला मेणाचा पातळ थर त्याने निघून जातो.

मातीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. रोपवाटिकेतून आलेले रोप बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेले असते. हा भुसा ओला असताना फार काळ ओला राहतो आणि एकदा पूर्ण सुकला की पाणी शोषून घेत नाही, म्हणून ऑक्टोबरात मुळे मोकळी करून तो काढून टाकणे हे पहिले काम होय. त्याऐवजी दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग खनिज खड्यांचा असावा. विटांचा चाळलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा चुरा, बांधकामाच्या दुकानांत ‘बदरपूर’ या नावाने मिळणारी जाड लालसर वाळू धुऊन घेतलेली, आणि थोडे परलाइट यांचे मिश्रण चांगले ठरते. उरलेला भाग नीट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या खताचा ठेवावा. यमुनेची बारीक वाळू मात्र घेऊ नये, कारण ती खड्यांच्या फटींत बसून सिमेंटसारखी घट्ट होते आणि मुळांची हवा कोंडते. कुंडी लहान आणि मातीची असावी, कारण थंडीत सच्छिद्र भिंतींतून ओल लवकर उडून जाते.

पाण्याच्या गुणवत्तेकडे घरोघरी दुर्लक्ष होते. शहराच्या ज्या भागांत बोअरवेलचे पाणी वापरले जाते तेथे ते क्षारयुक्त असते, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये या सद्हेतूने अनेक गृहिणी ते कुंड्यांना घालतात; त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिकच दाट झालेले असतात. मोठ्या झाडांना ते काही काळ चालते, पण अडीच इंची कुंडीत एक-दोन हंगामांत मातीवर पांढरा थर दिसू लागतो आणि कोवळी मुळे करपतात. जुलै-ऑगस्टमध्ये पन्हाळीखाली झाकणाच्या पिंपात धरून ठेवलेले पावसाचे पाणी थंडीसाठी सर्वोत्तम होय. जो पाऊस या रोपांच्या अंगावर पडला तर त्यांना मारतो, तोच साठवला तर चार महिन्यांनी त्यांना जगवतो.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरात, रात्री 20 अंशांखाली उतरल्यावर, दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावे, म्हणजे ते तळाच्या भोकातून बाहेर यावे, आणि त्यानंतर माती पूर्ण वाळू द्यावी. रोज चमचाभर पाणी देण्याची पद्धत सर्वांत वाईट, कारण त्याने वरची माती सदैव दमट राहते आणि खालच्या मुळांना काहीच मिळत नाही. डिसेंबरच्या अखेरीस गंगा-यमुनेच्या मैदानावर दाट धुके पसरते आणि काही वेळा सलग आठवडाभर सूर्य दिसत नाही. नामाक्वालँडच्या किनाऱ्यालाही धुके असते, पण ते बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहावरून येते, वाऱ्याबरोबर वाहत असते आणि दुपारपर्यंत विरून स्वच्छ ऊन देते, त्यामुळे तेथल्या रोपांना ते दवासारखे पोसते. गाझियाबादचे धुके निश्चल हवेत साचून राहते. म्हणून धुक्याचे दिवस सुरू झाले की पाणी पूर्ण थांबवावे आणि दोन-तीन दिवस सलग ऊन पडल्यावरच ते पुन्हा सुरू करावे. थंडीची भीती मात्र अनाठायी आहे. सफदरजंगचा आजवरचा नीचांक 16 जानेवारी 1935 रोजीचा उणे 0.6 अंश असा आहे, आणि माती कोरडी असेल तर यांतली बहुतेक रोपे एवढी थंडी सहन करतात. ओल्या मातीत मात्र चार अंशही त्यांना सोसत नाहीत.

होळीनंतर पाण्यामधले अंतर वाढवत न्यावे आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून कोनोफायटम व लिथॉप्स यांचे पाणी बंद करावे. हॅवर्थिया, इओनियम आणि बारीक मुळांची इतर रोपे यांना पूर्ण उपास सोसत नाही. त्यांना पंधरा दिवसांतून एकदा, सूर्यास्तानंतर, कुंडीच्या कडेने थोडेसे पाणी द्यावे. कुंड्या जमिनीवर न ठेवता लाकडी किंवा लोखंडी मांडणीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवाव्यात, आणि एक मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधली जागा कोरड्या वाळूने भरली तर मुळांपाशी तापमान बरेच स्थिर राहते. मे आणि जूनचा कोरडा ताप निभावणे फार कठीण नाही. खरी परीक्षा पुढच्या तीन महिन्यांत असते. दिल्ली परिसरात वर्षाला साधारण 750 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो, म्हणजे ज्या ऋतूत, उन्हाळ्यात, ही रोपे मायदेशी वर्षातला सर्वांत कोरडा काळ अनुभवत असतात, त्याच ऋतूत येथे हवा दमट, उबदार आणि बुरशीला पोषक असते. पावसाचा थेंबही लागू न देणे हे पहिले पथ्य, पण ते पुरेसे नाही, कारण हवेतला दमटपणाही मातीत उतरतो. या काळात खेळती हवा हेच औषध आहे, आणि काही जाणकार बाल्कनीत एक लहान पंखा रात्रभर चालू ठेवतात, तो खर्च योग्य ठिकाणी केलेला आहे. कोकणात किंवा मुंबईत या रोपांचे का जमत नाही, याचेही उत्तर येथेच सापडते. तेथे पावसाळ्याचा दमटपणा याहून अधिक आणि हिवाळ्याच्या रात्री पुरेशा गार नाहीत. पुणे, नाशिक आणि मराठवाड्याचा कोरडा पट्टा यांना मात्र हे वेळापत्रक थोड्या फरकाने लागू पडते.

बियांपासून रोपे करणे हा या छंदाचा सर्वांत समाधान देणारा भाग आहे. लिथॉप्स आणि कोनोफायटम यांचे फळ म्हणजे एक वाळकी, लाकडी डबी असते, आणि तिची रचना पाहून निसर्गाच्या कारागिरीपुढे मान लवते: कोरड्या हवेत ती घट्ट मिटलेली राहते, पावसाचा थेंब पडताच तिची झाकणे ताऱ्यासारखी उलगडतात, पुढच्या थेंबांच्या आघाताने बिया बाहेर उडतात, आणि पाऊस थांबून ती वाळली की उरलेल्या बिया आत ठेवून ती पुन्हा मिटते. घरी बशीत ठेवून तिच्यावर दोन थेंब पाणी टाकले की काही मिनिटांतच झाकणे उलगडण्याचा हा प्रकार डोळ्यांसमोर घडतो, आणि मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी याहून चांगले साधन शोधून सापडणार नाही. बहुतेक जातींत एकाच रोपाच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून एकाच वेळी फुललेली दोन रोपे लागतात आणि बारीक कुंचल्याने पराग एका फुलावरून दुसऱ्यावर न्यावे लागतात. बिया रव्यापेक्षाही बारीक असतात. त्या घटस्थापनेनंतर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ओल्या बारीक खड्यांवर नुसत्या भुरभुरवाव्यात, वर माती टाकू नये आणि भांडे पारदर्शक झाकणाने झाकावे. एक-दोन आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे गोळे दिसू लागतात. या बाळरोपांना पहिल्या उन्हाळ्यात मोठ्यांचा नियम लावू नये. त्यांच्या देहात चार महिने पुरेल एवढे पाणी मावत नाही, म्हणून त्यांना गडद सावलीत ठेवून खालून, बशीतून, अधूनमधून अगदी थोडी ओल द्यावी लागते, आणि तरीही काही गमवावी लागतात. लिथॉप्सला फूल यायला साधारण तीन ते चार वर्षे लागतात.

बियांचा हा आग्रह केवळ छंदापुरता नाही. दक्षिण आफ्रिकेत 2019 च्या सुमारापासून कोनोफायटमच्या चोरट्या उपटणीने गंभीर रूप घेतले आहे. एखाद्याच टेकडीवर वाढणाऱ्या जातीचे शंभर वर्षे वयाचे झुपके पोत्यांत भरून परदेशी ग्राहकांकडे पाठवले जातात आणि त्यांतले बरेच वाटेतच मरतात. खरेदी करताना रोप बियांपासून वाढवलेले आहे का हे विचारणे, आणि डाग पडलेले, वेडेवाकडे, जुन्या पापुद्र्यांचे जाड थर असलेले मोठे झुपके स्वस्तात मिळत असतील तर ते नाकारणे हे प्रत्येक बागप्रेमीचे कर्तव्य आहे. मोठी, जुनी झाडे पाहण्याची ओढ असेल त्यांच्यासाठी चंदीगडजवळ पंचकुला येथे 1987 साली उभारलेले राष्ट्रीय निवडुंग व मांसल वनस्पती उद्यान आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संग्रह ही दोन ठिकाणे गाझियाबादहून फार दूर नाहीत.

सप्टेंबरच्या मध्याला, पाऊस ओसरून रात्र पहिल्यांदा जराशी हवीहवीशी वाटू लागली की कुंड्या एकेक करून तपासाव्यात. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मुळांवर जगणारा पिठ्या ढेकूण असतो. अशा रोपाची मुळे धुऊन, वाळवून ते नव्या मातीत लावावे. हाताला मऊ लागणारी रोपे काढून टाकावीत. जी टणक आहेत त्यांना, कागदी आवरणात गुंडाळलेल्या कोनोफायटमलाही, पितृपक्ष सरताना पहिले पाणी द्यावे. पहिले दोन-तीन दिवस काहीच घडत नाही. मग पाच महिने मेल्यासारख्या पडलेल्या त्या तपकिरी पापुद्र्याला मधोमध बारीक चीर जाते आणि आतून हिरव्या रंगाची एक ओली, गुळगुळीत कड दिसू लागते.